प्रत्येक जवानाला वीस मिनिटं

सोमवार, २ ऑक्टोबर

दमलो. दिवसभर वारा. कान अजून वाजतायत.

सकाळी बटालियनची मीटिंग. कर्नल बुरासनी नवा हुकूम वाचला. प्रत्येक कंपनी कमांडरने आपल्या प्रत्येक जवानाशी महिन्यातून एकदा, एकट्याने, कमीत कमी वीस मिनिटं बोलायचं. त्याच्या अडचणी समजून घ्यायच्या, मार्गदर्शन करायचं, फॉर्म भरायचा. बाकीच्या दोन्ही कॅप्टननी तोंडं वाकडी केली. मी नाही केलं. अठरा वर्षं मी दुसरं काय करतोय? फक्त फॉर्म नव्हता.

शेवटी कर्नलसाहेब म्हणाले, बोला कमी, ऐका जास्त. हे म्हणताना माझ्याकडे बघत होते. इतरांनी माझ्यासारखं करावं, असं सुचवायचं असणार.

माझ्याकडे अठ्ठावन्न पोरं. रोज तीन. वीस दिवसांत सगळी उरकतील. उद्यापासून सुरुवात.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

पहिला कोझ्मास. पात्रा शहरातला, घरी प्लंबिंगचं काम. बुजू नये म्हणून आधी मीच थोडं सांगितलं: एव्रोस नदीवरची माझी पहिली पोस्टिंग, तो बर्फ, ती गाडी कशी रुतली, मी कशी काढली. मान डोलवत होता. वीस मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं दिली त्याला. शेवटी विचारलं, काही अडचण? म्हणाला, हो साहेब, पावाची गाडी बाहेर मघापासून उभी आहे, उतरवून घ्यायची माझी ड्युटी आहे.

पोरगा व्यवहारी आहे. फॉर्मवर लिहिलं: अडचण नाही.

दुसऱ्याची दाढ दुखत होती. तिसरा सापडला नाही. म्हणजे आज एकच. पण दर्जा महत्त्वाचा.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

जनरेटर बंद. शिवाय खालच्या गावातल्या बकऱ्यांनी तोफ लपवायची जाळी खाल्ली. वर कळवायचं तर बकऱ्या असं लिहायचं की अज्ञात कारण, यात दुपार गेली. मुलाखती शून्य.

त्या वेळात ऑफिस मात्र लावून घेतलं. जवानाची खुर्ची टेबलाच्या जवळ. बशीत लुकुमी, त्या साखर भुरभुरलेल्या मऊ वड्या. कोणाला रडू आलं तर कागदी रुमालांचा डबा. सार्जंट एवांथियाला बोलावून दाखवलं. ही माझ्या कंपनीची सार्जंट, त्रिकाला गावची, नोकरीत बारा वर्षं. बाई कामाला चोख, पण बोलणं जेमतेम. किचनवर देखरेख तिचीच, त्यामुळे जवळ आली की कांद्याचा वास. तिने सगळं बघितलं आणि म्हणाली, कॅप्टनसाहेब, त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं.

म्हटलं, उन्हाने माणूस मोकळा होतो.

बरं म्हणाली.

सोमवार, ९ ऑक्टोबर

मागचं भरून काढायचं म्हणून पाच जणांना बोलावलं. दोन आले.

स्ताथिसच्या बहिणीचं लग्न आहे. त्यावरून संसार या विषयावर चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. माझी बायको देस्पिना माझ्याबरोबर या बेटावर का आली नाही, तिची शाळेतली नोकरी, वोलोसचं घर, दोघांनी समजुतीने कसं घ्यायचं. बराच वेळ ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, साहेब, रजा मिळणार की नाही तेवढं सांगा, आईला फोन करायचाय. म्हटलं, बघू.

दुसऱ्याने सात लुकुमी खाल्ल्या.

फॉर्म: दोघेही समाधानी.

बुधवार, ११ ऑक्टोबर

आज खरं समाधान मिळालं. इतके दिवस ज्यासाठी घसा कोरडा केला ते आज घडलं.

इओर्दानिस पासालिस. वय एकोणीस, द्रामाकडच्या एका खेड्यातला, ऑगस्टात भरती झालेला. अंगाने आडवा, तोंडाने मुका. आल्या आल्या उभ्यानेच म्हणाला, साहेब, मला पहाऱ्यावरून काढता येईल का? दुसरं काहीही काम द्या. संडास धुतो.

अशी पोरं ओळखतो मी. अठरा वर्षांत शंभर तरी पाहिली. ऊन नको, उभं राहणं नको. रागावलो नाही. खुर्चीत बसवलं आणि शांतपणे जबाबदारी म्हणजे काय ते सांगितलं. बंदूक हातात आली की खांदे आपोआप सरळ होतात हे सांगितलं. एव्रोसही सांगितलं. पस्तीस मिनिटं. इतका एकाग्र श्रोता मला आजवर मिळाला नव्हता. एक चुळबुळ नाही. शेवटी शेवटी तर डोळे मिटून ऐकत होता. उठताना थँक्यू म्हणाला, अगदी हळू आवाजात.

फॉर्म: कामचुकारपणाकडे कल. समुपदेशन केले. लगेच सुधारणा दिसली.

आत्मविश्वास यावा म्हणून या आठवड्यात त्याला दोन पहारे जास्त लावले.

रविवार, १५ ऑक्टोबर

देस्पिनाचा फोन. मुलाखतींचं सगळं सांगितलं. तिने विचारलं, फोती, त्या वीस मिनिटांत ती मुलं किती बोलतात? म्हटलं, आधी विश्वास बसावा लागतो, मग बोलतात. मग म्हणाली, मी मागच्या रविवारी तुला काहीतरी सांगितलं होतं, आठवतंय? मी म्हटलं, हो. म्हणाली, काय? तेवढ्यात लाइन खराब झाली.

म्हणजे खरं तर लाइन ठीक होती. मला आठवत नव्हतं.

क्लार्कने पहिल्या पंधरवड्याचे फॉर्म बटालियनला इमेलने पाठवले. अठ्ठावन्नपैकी नऊ. टक्केवारी वाईट दिसते, पण महिना संपलेला नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

जेवणाआधी किचनच्या मागे गेलो. उन्हात सात-आठ पोरं कोंडाळं करून बसलेली, मध्ये एवांथिया, पुढ्यात बटाट्याचं पोतं. सगळे सोलत होते. आणि बोलत होते! कोझ्मास त्याच्या बापाबद्दल काहीतरी सांगत होता, हातवारे करकरून. त्याला हातवारे येतात हे मला माहीत नव्हतं. बाई काही विचारत नव्हती. मध्येच एवढंच म्हणाली, अरे, साल जाड काढतोयस, अर्धा बटाटा चालला.

मी दिसलो आणि सगळे ताडकन उभे. सुऱ्या हातात, सालं मांडीवरून खाली. म्हटलं, बसा बसा. बसले. मीही एक बटाटा घेतला. तो संपेपर्यंत सगळे माझ्या हाताकडेच बघत होते. निघालो.

संकल्प: ऑफिसात आता लुकुमीऐवजी कॉफी.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

डोकं फिरलंय. ड्युटीचा तक्ता बघितला तर पासालिसचं नाव पहाऱ्यातून खोडलेलं. किचनमध्ये टाकलेलं. अक्षर एवांथियाचं.

बोलावलं. म्हणाली, कॅप्टनसाहेब, तो झोपत नाही. रात्र रात्र नुसता बसून असतो. त्याच्या हातात बंदूक नको, आणि त्याला डॉक्टरकडे पाठवू या. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, त्यानेच. बाकीचंही सांगितलंय, पण ते माझ्याकडून नको, तुम्ही त्यालाच विचारा. तो सांगेल, तुम्ही थांबलात तर.

थांबलात तर! पस्तीस मिनिटं मी त्या मुलासाठी दिली आहेत. म्हटलं, मी त्याला ओळखतो. समुपदेशन अर्ध्यावर सोडलं की पोरं बिघडतात. नाव परत पहाऱ्यात घाल. शिवाय अठ्ठावीसच्या राष्ट्रीय दिनाच्या परेडला तो पहिल्या रांगेत राहील.

मग म्हणाली, मी हे तुम्हाला सांगितलं होतं, तेवढं रजिस्टरमध्ये लिहा. मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट लिहायची नसते.

ती बाहेर गेल्यावर मी पासालिसला बोलवणार होतो. खरंच बोलवणार होतो. पण परेडच्या बुटांचा ट्रक आला.

बुधवार, २५ ऑक्टोबर

गावच्या चौकात परेडची रंगीत तालीम. बँड गावातल्या शाळेचा, ड्रम वाजवणारी मुलगी स्वतःच्याच तालात. पासालिस पहिल्या रांगेत. उंच असल्याने छान दिसतो. चेहरा पांढरा, पण परेडच्या आधी चेहरे असेच असतात. मी पाठीवर थाप मारली. दचकला.

तक्ता परत बघितला. पहाऱ्याला त्याचं नाव आहे, पण प्रत्येक वेळी किचनजवळच्या गेटवर, दिवसाचाच, आणि बरोबर जोडीला कोझ्मास. नियमात एकच माणूस पुरे आहे. बाईने हे परस्पर केलंय. त्याच्यासाठी तीस तारखेची डॉक्टरची वेळही घेतलीय म्हणे. जाऊ दे. आत्ता भांडायला अंगात जोर नाही. परेड झाली की बघतो.

मुलाखती: सतरा.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

काय लिहू. घडलं तसं लिहितो.

नऊच्या सुमारास पासालिस गेटवरून निघाला आणि थेट किचनच्या अंगणात गेला. कोझ्मास त्याच्या मागे मागे. एवांथिया शेंगा निवडत होती. पासालिसने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, बंदूक तिच्यापुढे जमिनीवर ठेवली, आणि म्हणाला, सार्जंटबाई, हे माझ्याकडून काढून घ्या. आज माझा माझ्यावर भरवसा नाही.

तिने कोझ्मासकडून बंदूक शस्त्रागारात पाठवली आणि पासालिसला जवळ बसवलं. शेंगांची टोपली दोघांच्या मध्ये. गावातल्या डॉक्टरला फोन केला. मला चाळीस मिनिटांनी कळवलं. मी ओरडलो की कंपनी कमांडर मी आहे, आधी मला का नाही? ती म्हणाली, तो म्हणाला, इतक्यात कॅप्टनसाहेबांना नको.

मी अंगणात गेलो. मला बघून तो उठायला लागला, तर ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, बस रे, शेंगा संपव. माझ्यासमोर. आणि तो बसला.

मी तिथे उभा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. एव्रोस आठवलं. बोललो नाही.

दुपारी ३:१०

आता सांगितलं तिने. जूनमध्ये तो घरचा ट्रॅक्टर चालवत होता. धाकटा भाऊ चाकावरच्या पत्र्यावर बसला होता. अकरा वर्षांचा. पडला. मागचं चाक अंगावरून गेलं. बापाने त्या दिवसापासून मुलाशी शब्द काढलेला नाही. आई रोज दोघांचं ताट वाढते आणि स्वतः बाहेर जाऊन बसते. ऑगस्टात हा इथे आला. आल्यापासून कोणाला म्हणून काही सांगितलं नव्हतं. किचनमागे बटाटे सोलायला बसू लागला, त्याच्या तिसऱ्या दिवशी हिला सांगितलं. तू काय विचारलंस, म्हणून मी विचारलं. म्हणाली, काही नाही. सोलत होतो.

डॉक्टरने उद्याच्या बोटीने मोठ्या हॉस्पिटलला पाठवायला सांगितलंय. एवांथिया बरोबर जाईल.

मला शंका होतीच. ११ तारखेला त्याचा चेहरा बघूनच मनात काहीतरी आलं होतं. इथे लिहायचं राहून गेलं एवढंच.

दुपारी ४:००

तो फॉर्म जरा नीट करून ठेवावा म्हणून क्लार्ककडे मागितला. 'कल' या शब्दापुढे एखादी ओळ वाढवता आली असती. क्लार्क म्हणाला, साहेब, तो पंधरालाच गेला, इमेलने. तुम्हीच तर सही केलीत.

शनिवार, २८ ऑक्टोबर

परेड झाली. पहिल्या रांगेत एक जागा कमी. स्ताथिसला पुढे सरकवलं. त्याच्या बहिणीचं लग्नही आजच होतं, हे मला परेड संपल्यावर कळलं. रजेचा अर्ज माझ्या ट्रेमध्ये होता.

महापौरांनी हात मिळवला. शिस्त बघून बरं वाटतं म्हणाले. तेवढ्यात धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. मी वळून बघितलं नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

कर्नलसाहेबांसमोर. मला वाटलं होतं ओरडतील. त्याची तयारी करून गेलो होतो, ओरडणाऱ्या माणसाला कसं तोंड द्यायचं मला माहीत आहे. ते ओरडले नाहीत.

माझा फॉर्म त्यांनी मोठ्याने वाचला. कामचुकारपणाकडे कल. समुपदेशन केले. लगेच सुधारणा दिसली. मग चष्मा काढून विचारलं, त्या मुलाने तुमच्याकडे काय मागितलं होतं? मी म्हटलं, नीट आठवत नाही. खिडकीबाहेर कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. पंपाचे तीस-चाळीस ठोके झाले असतील. मग मी म्हटलं, पहाऱ्यावरून काढा, असं.

तो किती वेळ बोलला?

एक मिनिट. कमीच.

आणि सार्जंटने तुम्हाला सांगितलं होतं?

हो म्हटलं. इथे खोटं बोलता आलं असतं. रजिस्टरमध्ये तसं काही नाही. का बोललो नाही माहीत नाही. थकलो होतो.

कर्नलसाहेबांनी फाइल मिटली. माझ्या रेकॉर्डमध्ये लेखी ताकीद. मुलाखती यापुढे सार्जंट एवांथिया घेईल, मी फक्त खाली सही करायची. दाराशी पोहोचलो तेव्हा म्हणाले, कॅप्टन, पोरगा वाचलाय. घरी जाऊन झोपा.

सोमवार, ६ नोव्हेंबर

एका दृष्टीने बरंच झालं. मुलाखतींत माझा फार वेळ जात होता. आता कंपनीच्या मोठ्या प्रश्नांकडे बघता येईल. उदाहरणार्थ जाळी.

एवांथियाचे फॉर्म सहीला आले. पहिल्या आठवड्यात एकवीस. एकेका फॉर्मवर दोन-दोन ओळी. वाचायची गरज नव्हती, सहीच करायची होती. वाचले. कोझ्मासचा बाप तुरुंगात आहे. सात लुकुमी खाणाऱ्याला मेसमधलं जेवण पोटाला सोसत नाही, तो रोज अर्धपोटी उठतो. दाढ दुखणाऱ्याची दाढ अजून दुखतेय. स्ताथिसच्या फॉर्मवर: बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला आहे, अजून बघितलेला नाही.



शनिवार, १८ नोव्हेंबर

सकाळच्या बोटीने पासालिस आला. त्याला सेवेतून मोकळं केलंय, सामान न्यायला आला. बरोबर मामा. चेहऱ्यावर थोडी रया आलीय. दाढी वाढवलीय.

मी दोन दिवस बसून त्याच्यासाठी काय बोलायचं ते लिहून काढलं होतं. दीड पान. दिलगिरी होती त्यात, पण तोल सांभाळून. ऑफिसात बोलावलं. खुर्ची उन्हातून बाजूला केली. कागद काढला, पहिली ओळ वाचली आणि घडी करून परत खिशात ठेवला. 

तोच बोलला मग. म्हणाला, साहेब, त्या दिवशी मी इथे झोपलो होतो. तुम्ही बोलत होतात आणि मला झोप लागली. जूननंतर पहिल्यांदा. तुमच्या लक्षात आलं नाही, बरं झालं, नाहीतर उठवलं असतंत. हे सांगायचं राहिलं होतं.

मामा हसला. पासालिसही थोडं हसला. मी पण हसलो असणार.

मी विचारलं, बाप बोलतो का आता? म्हणाला, हॉस्पिटलमध्ये आला होता. काही बोलला नाही. पण बुटाची नाडी सुटली होती ती बांधली त्याने माझी. वाकून.

तो आणखी थोडा वेळ बसला, मग मामाबरोबर बराकीत गेला. ब्लँकेट जमा करताना सहीला मीच होतो.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

एवांथिया दोन दिवस रजेवर, आईचं डोळ्याचं ऑपरेशन.

साडेदहाला दारावर टकटक. लाम्ब्रोस, नव्या तुकडीतला, गिथिओचा. दारातच उभा, टोपी हातात. मी पेन खाली ठेवलं, पाठ सरळ केली, आत ये म्हटलं.

म्हणाला, नको साहेब, सार्जंटबाई कधी येणार एवढंच विचारायचं होतं.

गुरुवारी, म्हटलं. कॉफी घेणार का? नको म्हणाला. घाईचं आहे का, मी करू का काही? जरा विचार करून म्हणाला, नाही, गुरुवारपर्यंत थांबतो. सकाळी येतील की दुपारी?

मला माहीत नव्हतं. त्याला थांबवलं, तिला फोन लावला. सकाळच्या बोटीने, नऊपर्यंत. तसं त्याला सांगितलं.

बरं म्हणाला, आणि गेला.